एका चित्रपटाचे पाठभेद

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत आमच्या घरीं एक वाद उत्पन्न झाला. एका बाजूस मी आणि दुसऱ्या बाजूस माझा तेरा वर्षांचा नातू. वादाचा विषय इतका क्षुल्लक होता कीं, तो आपल्यासारख्या सुज्ञ मंडळींपुढें मांडतांना थोडा संकोच वाटतो. ‘स्टार वॉर्स’ नांवाच्या अमेरिकन चित्रपटांत पहिली गोळी कोणीं झाडली, एवढाच तो प्रश्न.

आपल्यापैकीं ज्यांनीं हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठीं प्रसंग थोडक्यांत सांगतों. दूरच्या एका वैराण ग्रहावर एक गुत्ता आहे. तेथें हॅन सोलो नांवाचा एक कर्जबाजारी तस्कर बसला आहे. ग्रीडो नांवाचा हिरव्या कातडीचा एक भाडोत्री मारेकरी त्याच्यावर पिस्तूल रोखून समोर येऊन बसतो. हॅन त्याच्याशीं गोड बोलतो, आणि बोलतां बोलतां मेजाखालीं आपलें पिस्तूल हळूच काढून त्याचा निकाल लावतो. जातांना गुत्तेवाल्याकडे एक नाणें फेकतो आणि झालेल्या घाणीबद्दल दिलगिरी दाखवितो. १९८५ च्या सुमारास आमच्या शेजाऱ्यांच्या बिऱ्हाडीं, भाड्यानें आणलेल्या व्हिडिओवर, मीं हा प्रसंग प्रथम पाहिला. खोलींत दाटीवाटीनें बसलेल्या मंडळींनीं तेव्हां टाळ्या पिटल्या होत्या. हा मनुष्य कोणत्या मातीचा आहे हें त्या एका कृतीनें आम्हांस जेवढें कळलें, तेवढें दहा संवादांनीं कळलें नसतें.

परवां नातवाशेजारीं बसून तोच चित्रपट पाहूं लागलों, तों ग्रीडोहि गोळी झाडतो! ती हॅनच्या कानाजवळून जाऊन भिंतींत शिरते, आणि जवळजवळ त्याच क्षणीं हॅनची गोळी सुटते. मी म्हणालों, “हें असें नव्हतें.” नातवानें चित्र मागें नेऊन मला पुन्हा दाखविलें. “आजोबा, दोघांनींहि एकदमच झाडली. तुम्ही विसरलांत.” पस्तीस वर्षें मुलांना ‘पुस्तकांत पाहून मग बोला’ असें बजावीत आलेल्या मास्तरास पुस्तकानेंच खोटें पाडावें, असा हा प्रकार झाला. माझ्या वयाच्या माणसास स्वतःच्या स्मरणशक्तीविषयीं अगोदरच धास्ती असते. त्या रात्रीं मला नीट झोंप लागली नाहीं, हें कबूल करतों.

दुसऱ्या दिवशीं शोध केला तेव्हां उलगडा झाला. आम्ही दोघेहि खरें बोलत होतों. बदलला होता तो चित्रपट.

ह्या चित्रपटाचे कर्ते जॉर्ज ल्यूकस. २५ मे १९७७ रोजीं तो अमेरिकेंत प्रदर्शित झाला. पहिला ठळक फेरफार लवकरच झाला, आणि तो निरुपद्रवी होता. चित्रपटाच्या आरंभीं तारांगणांत दूर सरकत जाणारा प्रास्ताविक मजकूर असतो. त्याच्या माथ्यावर १९८१ च्या पुनःप्रदर्शनाच्या वेळीं ‘भाग चौथा, एक नवी आशा’ अशा अर्थाचे शब्द घालण्यांत आले. म्हणजे जो एकुलता एक म्हणून जन्मला, त्याला आपल्यामागें तीन थोरले भाऊ आहेत असें चार वर्षांनीं कळलें. आणि मौज अशी कीं, त्या भावांपैकीं पहिला जन्मला तो १९९९ सालीं!

खरी उलथापालथ झाली ती १९९७ मध्यें. चित्रपटास वीस वर्षें होत होतीं. ल्यूकस यांनीं हा चित्रपट व त्याचे पुढील दोन भाग, म्हणजे १९८० चा ‘दि एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ आणि १९८३ चा ‘रिटर्न ऑफ दि जेडाय’, दुरुस्त करून ‘विशेष आवृत्ति’ या नांवानें पुन्हा चित्रपटगृहांत आणले. ही दुरुस्ति कां करावीशी वाटली, हें समजण्यासाठीं जुन्या काळीं असलीं चित्रें कशीं सिद्ध होत हें थोडें समजून घेतलें पाहिजे.

आकाशांत चार यानें झुंजत आहेत असें दाखवावयाचें झाल्यास चारहि यानांचे लहान नमुने निळ्या पडद्यापुढें वेगवेगळे चित्रित करीत. यान स्थिर असे. यंत्राच्या आधारें कॅमेराच त्याच्या भोंवतीं अगदीं ठरीव गतीनें फिरे, म्हणजे तीच हालचाल पुन्हा पुन्हा हुबेहूब करतां येई. मग निळा रंग गाळून, एकेका यानाची आकृति नेमकी कापून, तीं सर्व चित्रें एकावर एक छापून एक चित्र करीत. प्रत्येक छपाईगणिक चित्राचा दाणा जाड होई, आणि कापलेल्या आकृतीभोंवतीं कोठें काळी रेघ, कोठें फिकट चौकोन उमटे. जुन्या प्रतींत यानांभोंवतीं हे चौकोन डोळ्यांस दिसत असत. १९९७ पर्यंत संगणकानें हेंच काम डाग न पाडतां करतां येऊं लागलें होतें. शिवाय वीस वर्षांत मूळ निगेटिव्हचे रंगहि उतरले होते. तेव्हां तें धुवून पुसून, रेघा काढून, स्वच्छ करण्यास कोणाची हरकत असावयाची? माझी तर नाहीं. जुनी पोथी झटकून बांधली म्हणून कोणी ओरडत नाहीं.

पण ल्यूकस बांधणीवर थांबले नाहींत. त्यांनीं ओळी बदलल्या. मॉस आयस्ली नांवाचें तें ओसाड नगर प्रचंड जनावरें आणि यंत्रमानव ओतून गजबजून टाकलें. ग्रीडोच्या हातून अगोदर गोळी झाडविली. हॅन हा निर्दय खुनी दिसूं नये, असें त्याचें कारण त्यांनीं मुलाखतींतून सांगितलें. आतां पाहा, मेजाच्या रुंदीइतक्या अंतरावरून ज्याचा नेम चुकतो असला मारेकरी कोण पदरीं बाळगील? २००४ च्या आवृत्तींत दोन गोळ्यांमधील अंतर कमी करून त्या जवळजवळ एकाच वेळीं सुटतात असें केलें, आणि २०१९ मध्यें ग्रीडोच्या तोंडीं मरतांमरतां एक नवाच अगम्य शब्द घातला. एकाच प्रसंगाचे चार पाठ! चुकीच्या जागीं खोडरबर फिरविलें म्हणजे कागद कसा फाटत जातो, हें ज्यांनीं मुलांच्या वह्या तपासल्या आहेत त्यांस सांगावयास नको.

जब्बाची कथा याहून गमतीची आहे. ज्याचें कर्ज हॅनच्या अंगावर होतें तो हा जब्बा. त्याचा प्रसंग पहिल्या चित्रपटासाठीं चित्रित झाला होता; डेक्लन मलहॉलंड नांवाच्या स्थूल नटानें केसाळ अंगरखा घालून तें काम केलें होतें. पण तो प्रसंग त्या वेळीं गाळला गेला. पुढें १९८३ च्या चित्रपटांत जब्बा अवतरला तो एका अवाढव्य गोगलगाईसारखा, पाय नसलेला आणि शेपूट असलेला. १९९७ मध्यें गाळलेला प्रसंग परत घेतांना मलहॉलंडच्या जागीं संगणकानें काढलेली ती गोगलगाय बसवावी लागली. परंतु जुन्या चित्रणांत हॅनचें काम करणारे हॅरिसन फोर्ड हे त्या नटाच्या पाठीमागून फिरून पलीकडे गेले होते, आणि आतां तेथें शेपूट आडवी आली! मग काय, संगणकाच्या साह्यानें फोर्ड यांस किंचित् वर उचलून त्या शेपटीवर पाय देऊन जावयास लाविलें, आणि जब्बा कळवळला. युक्ति चतुर खरी, परंतु ज्या जब्बाच्या नुसत्या नांवानें आपण दोन चित्रपट दबून असतों, त्याच्या शेपटीवर कर्जदारानें खुशाल पाय द्यावा, यांत त्या दहशतीचें काय उरलें? शिवाय या प्रसंगांतील बरेंचसें बोलणें गुत्त्यांतील प्रसंगांत येऊन गेलेलें आहे. १९७७ मध्यें तो गाळला, हेंच योग्य होतें असें माझें मत आहे.

ह्या सर्व फेरफारांत मला मनापासून खुपतो तो मात्र निराळाच. १९८३ च्या चित्रपटाच्या शेवटीं खलनायक डार्थ व्हेडर पश्चात्ताप पावून मरतो, आणि त्याची पुण्यछाया आपल्या मुलाकडे हंसून पाहते. ही छाया झाले होते सेबॅस्टियन शॉ हे वृद्ध इंग्रज नट. २००४ च्या आवृत्तींत त्यांस काढून त्यांच्या जागीं हेडन क्रिस्टेन्सन या तरुण नटास उभें केलें, कारण नंतर निघालेल्या चित्रपटांत व्हेडरच्या तारुण्यांतील भूमिका त्यानें केली होती. शॉ ज्या वर्षीं पडद्यावर तसे हंसले, त्या वर्षीं हा तरुण दोन वर्षांचा होता. मुखवटा काढण्याच्या प्रसंगांत शॉ यांचा चेहरा ठेवला आहे, पण तेथेंहि भाजलेल्या माणसास भुवया नसाव्यात म्हणून त्या पुसून टाकल्या आहेत. शॉ १९९४ मध्येंच वारले होते. त्यांस विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

येथें कोणी म्हणेल कीं, कृति ज्याची त्यानें ती सुधारली, तुमचें काय गेलें? कवि आपली कविता दुसऱ्या आवृत्तींत फिरवतोच कीं. हें म्हणणें मी उडवून लावीत नाहीं. वेळ आणि पैसा यांच्या अभावीं मनांतलें चित्र १९७७ मध्यें उतरवितां आलें नाहीं, असें ल्यूकस सांगत आले, आणि त्यांत खोटें कांहीं नसावें. परंतु चित्रपट म्हणजे एकट्याचें काव्य नव्हे. या चित्रपटाच्या संकलनास आणि दृश्यचमत्कृतीस अकादमीचीं पारितोषिकें मिळालीं तीं ल्यूकस यांस नव्हे, तर त्या त्या कारागिरांस. ज्या चित्रांबद्दल तीं मिळालीं त्यांतील कित्येक आतां त्या चित्रपटांतच नाहींत.

आणखी एक गोष्ट सांगितल्याविना राहवत नाहीं. १९८८ मध्यें जुन्या कृष्णधवल चित्रपटांस रंग फांसण्याची टूम अमेरिकेंत निघाली होती. त्या वेळीं तिच्याविरुद्ध तेथील काँग्रेसच्या समितीपुढें जाऊन ज्यांनीं साक्ष दिली, त्यांत स्वतः ल्यूकस होते. नफ्यासाठीं अथवा सत्तेच्या जोरावर कलाकृति बदलणारे लोक रानटी होत, अशा आशयाचे त्यांचे शब्द होते. त्यांचा रोख कर्त्यास न विचारतां बदल करणाऱ्या मालकांवर होता हें खरें. पण समाजाच्या ठेव्यावर समाजाचा हक्क आहे, हेंहि त्यांनीं त्याच साक्षींत मांडलें होतें. त्याच वर्षीं तेथें चित्रपटजतनाचा कायदा झाला, आणि १९८९ मध्यें राष्ट्रीय ठेवा म्हणून जे पहिले पंचवीस चित्रपट निवडले गेले त्यांत ‘स्टार वॉर्स’ होता. आठ वर्षांनीं मूळ निगेटिव्ह नव्या आवृत्तीबरहुकूम जुळविण्यांत आलें.

मग जुना पाठ गेला कोठें? २००६ मध्यें तिन्ही चित्रपटांचे मूळ पाठ तबकडीवर आणले गेले खरे, पण नव्या आवृत्तीबरोबर पुरवणी म्हणून, आणि तेहि १९९३ च्या लेसर तबकडीसाठीं केलेल्या जुन्या प्रतीवरून. नव्या रुंद संचावर तें चित्र चोहोंकडून काळ्या चौकटींत बसल्यासारखें लहान दिसे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सित आवृत्ति काढली तेव्हां शेंकडों पोथ्या पडताळून कित्येक श्लोक मूळांतून बाजूस केले. परंतु ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जसेच्या तसे ठेवले, म्हणून तुम्हांआम्हांस दोन्ही पाहतां येतात. येथें तळटीपच खोडलेली.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळतों. माझ्या नातवास ही कथा प्रथम कळली ती चित्रपटावरून नव्हेच, तर व्हिडिओ खेळांवरून. हे खेळ म्हणजे चित्रपटाचीं रूपांतरेंच होत, आणि तीं कमालीचीं स्वैर आहेत. १९८२ मध्यें पार्कर ब्रदर्स या कंपनीनें घरगुती अटारी यंत्रासाठीं ‘दि एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ हा खेळ काढला. त्यांत बर्फाळ मैदानावरून चार पायांचीं प्रचंड युद्धयंत्रें चालून येतात आणि आपण एका चिमुकल्या यानांतून त्यांवर मारा करावयाचा. एक कोसळतें, तों दुसरें येतें. त्यांस अंत म्हणून नाहीं. शेवटीं हरावयाचें तें आपणच. खेळ बनविणाऱ्यांस कथेची जाण असो वा नसो, चित्रपटांतील ती लढाईहि पराभवाचीच आहे, आणि त्या ओबडधोबड चौकोनी आकृतींनीं तो पराभव मुलांच्या बोटांपर्यंत पोंचविला. १९८३ मध्यें अटारीनें खेळघरांसाठीं काढलेला ‘स्टार वॉर्स’ हा खेळ नुसत्या रंगीत प्रकाशरेषांनीं रेखाटलेला होता. मधून मधून चित्रपटांतील नटांचे आवाज ऐकूं येत. त्यांत शत्रूचा तो राक्षसी गोल उडविला कीं खेळ संपत नसे. तोच गोल पुन्हा, अधिक अवघड होऊन, समोर उभा राही. चित्रपटांत जो विजय एकदांच मिळतो तो येथें घाण्याच्या बैलाप्रमाणें फेऱ्या घाली.

जपानांत नामको कंपनीनें १९८७ मध्यें काढलेल्या खेळांत तर डार्थ व्हेडर आरंभींच गांठ पडतो आणि पाहतां पाहतां विंचू होतो! २००६ च्या लेगो खेळांत सर्व पात्रें मुलांच्या खेळण्यांतील प्लास्टिकचे बाहुले असून तीं बोलत नाहींत, नुसतीं हुंकारतात. ‘मी तुझा बाप आहें’ हें व्हेडर शब्दांवांचून कसें सांगणार? तर तो तरुणपणींचें एक छायाचित्र काढून मुलापुढें धरतो. आमच्या घरीं हें पाहून सारे हंसले, मीहि. कॅनडांतील बायोवेअर कंपनीच्या २००३ च्या ‘नाइट्स ऑफ दि ओल्ड रिपब्लिक’ या खेळांत नायक सज्जन व्हावा कीं दुर्जन, हें खेळणाराच आपल्या वर्तनानें ठरवितो. पिस्तूल आधीं काढावें कीं नाहीं, ज्या प्रश्नावर ल्यूकस वीस-बावीस वर्षें घुटमळले, तो येथें सरळ मुलाच्या हातीं दिला आहे.

आपण विचाराल कीं, चित्रपटांतील एका गोळीसाठीं झोंप घालविणाऱ्या या गृहस्थास विंचू कसा चालतो? चालतो, कारण त्या विंचवानें कोणाची जागा घेतली नाहीं. खेळ आपल्या नांवानें, आपल्या डब्यांतून येतो; चित्रपट जेथल्या तेथें राहतो. १९८३ चा खेळ आवडला नाहीं तर २००३ चा घ्यावा, आणि १९८३ चा खेळहि शाबूतच असतो. विशेष आवृत्ति मात्र मूळच्याच नांवानें येऊन मूळच्याच आसनावर बसली.

एके ठिकाणीं मात्र ह्या दोन्ही वाटा एकमेकींस मिळाल्या आहेत. १९९६ मध्यें ‘शॅडोज ऑफ दि एम्पायर’ नांवाचा एक विलक्षण उद्योग झाला. १९८० आणि १९८३ च्या चित्रपटांच्या मध्यें घडणारी एक कथा रचून तिची कादंबरी स्टीव्ह पेरी यांनीं लिहिली, जोएल मॅक्नीली यांनीं संगीत केलें, चित्रकथा निघाल्या, आणि निंटेंडो ६४ या यंत्रासाठीं खेळ निघाला. चित्रपटाचा सारा सरंजाम सिद्ध झाला. नव्हता तो फक्त चित्रपट. त्या खेळाचा नायक डॅश रेंडार, आणि त्याच्या यानाचें नांव ‘आउटरायडर’. पुढच्याच वर्षीं विशेष आवृत्ति निघाली तेव्हां मॉस आयस्ली नगरावरून एक यान क्षणभर वर उडत जातांना दिसूं लागलें. तें हें आउटरायडर! चित्रपटावरून खेळ करण्याचा प्रघात. येथें खेळांतलें यान चित्रपटांत शिरलें, आणि तेंहि वीस वर्षें मागें जाऊन.

२०१२ मध्यें ल्यूकस यांनीं आपली कंपनी डिस्नेस विकली. एप्रिल २०१४ मध्यें कंपनीनें जाहीर केलें कीं, चित्रपटांबाहेर रचलेल्या आजवरच्या बहुतेक कादंबऱ्या, चित्रकथा व खेळ यांतील कथा अधिकृत इतिहास न समजतां ‘दंतकथा’ समजाव्या. डॅश रेंडारची ती कथाहि त्यांतच गेली. यान मात्र अजून त्या नगरावरून उडतें आहे.

नातवास हें सारें मीं क्रमाक्रमानें सांगितलें. तो तसा न्यायी आहे. “म्हणजे तुम्ही विसरला नव्हतां,” असें त्यानें आपणहून कबूल केलें, आणि मला बरें वाटलें. मग जून २०२५ ची हकीकत सांगितली. लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनें आपल्या महोत्सवाच्या आरंभीं १९७७ ची एक मूळ, रंग न उतरलेली प्रत प्रत्यक्ष फिल्मवरून दाखविली. तींत हॅन एकटाच गोळी झाडतो. पन्नासाव्या वर्षीं, २०२७ मध्यें, १९७७ चा मूळ पाठ चित्रपटगृहांत पुन्हा आणण्याचेंहि कंपनीनें जाहीर केलें आहे. तो आला म्हणजे आपण दोघे पाहूं, असें मीं उत्साहानें म्हटलें.

नातू थोडा वेळ गप्प बसला. तो जुना आउटरायडरचा खेळ त्यानें संगणकावर मिळवून दोनदां तडीस नेला आहे, आणि चित्रपट पाहतांना त्या क्षणभराच्या यानापाशीं तो दर वेळीं मला बोटानें दाखवितो.

“आजोबा,” तो म्हणाला, “मग त्या प्रतींत माझें यान नसेल?”

“नसेल, बाळ.”